दीड एकर, कोंबड्या, शेळ्या आणि सोलापूरचा उन्हाळा

माळावरची

नमस्कार मंडळी. इथे ऊस, कांदा, द्राक्षं, डाळिंब यांवर भरपूर बोललं जातं. घरामागच्या जितराबांवर मात्र धागा दिसला नाही, म्हणून काढतेय.

आमचं गाव दक्षिण सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यापासून थोडं आत. रान दीड एकर, मुरमाड. आधी डाळिंब होतं. तेल्या रोगानं बाग खाल्ली, शेवटी खोडं उपटली. आता निम्म्यात मालदांडी ज्वारी, बांधाला शेवरी आणि सुबाभूळ, बाकीच्यात जनावरं. तीसेक गावरान कोंबड्या, दोन कोंबडे, चार उस्मानाबादी शेळ्या, एक बोकड (आखाडापर्यंतच) आणि एक मांजर. या सगळ्याची मालकीण आपणच आहोत असं त्या मांजराचं मत आहे. नवरा शहरात नोकरीला जातो. घरी सासूबाई आणि मी.

आमच्याकडे खुराडं उघडायच्या आधी पाणी भरून ठेवायचं, हा सासूबाईंचा नियम. आधी दार उघडलं की कोंबड्या पायात घुटमळतात आणि कळशी हिंदकळते. मग झाडलोट, शेळ्यांच्या लेंड्या उकिरड्यावर, धारा, चहा. शेळीच्या दुधाचा चहा आमच्याकडे कुणी नावाजत नाही आणि कुणी सोडतही नाही. दहा वाजता कोंबड्या बांधाखाली जातात त्या उन्हं कलल्यावर परत येतात. ज्वारी काढल्यावर महिनाभर त्यांना दाणा जवळजवळ घालावाच लागत नाही, गळालेली कणसं आणि किडे वेचून त्यांची पोटं भरतात. दिवेलागणीला सासूबाई दारात उभं राहून मोजतात. आकडा जुळेपर्यंत जेवायला बसत नाहीत.

आता विचारायचं ते असं. हुरडा संपला, काढणी झाली, कडब्याची गंज लागली. म्हणजे उन्हाळा आलाच. खुराड्यावर पत्रा आहे. मागच्या मे महिन्यात दुपारी कोंबड्या चोच वासून, पंख पसरून बसायच्या आणि अंडी जवळपास बंद झाली. शेडचं काय करावं? दुसरं म्हणजे मुंगूस. भरदिवसा पिल्लं नेतंय. आणि तिसरं, नवऱ्याच्या डोक्यात खिलार गाय घेण्याचं आहे. घ्यावी का?

---

पेठेतला

काय करलालाव बे तुम्ही लोकं, आम्ही इथं फ्लॅटमध्ये एसी लावून बसलोय आणि तुमच्या कोंबड्यांचा हेवा करलालो. हजेरी लावून ठेवतो. ते बोकड आखाडात कुणाकडे जाणार आहे तेवढं कळवा.

---

सांगोल्याचा_धनगर

ताई, गाईचं आधी बोलतो कारण चूक झाली तर तिथंच महागात पडेल. खिलार आमच्या भागाची शान आहे. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस हा तिचा मुलूख. पण ती पाळली जाते बैलासाठी. चालायला चपळ, उन्हाला दणकट, कमी चाऱ्यावर तग धरते. दूध मात्र वासराला पुरून घरच्या चहापुरतं. घरात शर्यतीचा किंवा औताचा नाद असेल तर घ्या. दुधासाठी घेत असाल तर नवऱ्याला एका रविवारी सांगोल्याच्या बाजारात आणा, नुसतं बघायला. पैसे घरी ठेवून.

चाऱ्याचा हिशोब सरळ आहे. एक गाय रोजचा पाच-सहा किलो कडबा धरली तरी वर्षाला दोन टनाच्या घरात जाते. शिवाय ओला चारा वेगळा. अर्ध्या-पाऊण एकराच्या ज्वारीत जेवढा कडबा निघेल तो शेळ्यांनी थोडा आणि गाईनं सगळा खाल्ला, की जानेवारीनंतर विकत आणायची पाळी. आणि दुष्काळाच्या साली कडब्याची पेंढी सोन्याच्या भावात जाते, हे सोलापूरकराला मी सांगायला नको.

शेळ्या आहेत तेवढ्याच चांगल्या. उस्मानाबादी या मातीतलीच आहे, जुळी करडं बऱ्याचदा होतात, गाभण काळ पाच महिने. त्यांना वाढवा.

---

भीमाकाठ

पाणी असेल तर पंढरपुरी म्हैस बघा की. तलवारीसारखी शिंगं, अंगानं आटोपशीर, चारा जाड असला तरी चालतो, दिवसाला पाच-सहा लिटर दूध नीट देते. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाईकासमोर धार काढतात ना, त्यांत पंढरपुरी बऱ्याच असतात. पान्हा सोडायला खळखळ करत नाहीत म्हणून.

---

सांगोल्याचा_धनगर

पाणी असेल तर. तिथंच तर घोडं अडतं. तुम्ही उजनीच्या पाण्यावर, भीमेच्या काठी बसून बोलताय. मुरमाड माळावर बोअरला एप्रिलमध्ये अर्धा तास पाणी येतं. म्हशीला उन्हाळ्यात प्यायलाच साठ-सत्तर लिटर लागतं, वर अंगावर ओतायला वेगळं. ताई, बोअरची स्थिती लिहा आधी.

---

माळावरची

बोअर आहे, एप्रिलनंतर दिवसाआड चालतो. घरासाठी टँकर कधीमधी. म्हणजे म्हशीचा विषय मिटला म्हणायचा. भीमाकाठ, नाराज होऊ नका.

---

निवृत्त_पशुसेवक

पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली, आता बार्शीत असतो. मुलं म्हणतात, बाबांना कोंबडीचं विचारू नका, जेवण थंड होईल. तर जेवून बसलोय.

उन्हाळ्याचं. कोंबडीला घाम येत नाही. ती धापून श्वासावाटे उष्णता बाहेर टाकते. हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की तिला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे तर पारा चाळीस ओलांडून महिना काढतो. धापताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा समतोल बिघडतो, त्यामुळे अंड्याचं कवच पातळ होतं. म्हणून उन्हाळ्यात नुसता शिंपल्याचा चुरा वाढवून भागत नाही. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा दुपारच्या वेळी देतात तो यासाठी.

दाणा सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी. अकरा ते चार काही घालू नका, कारण पचनाचीही उष्णता असते आणि ती ऐन उन्हात वाढते. पाणी मात्र दुपारीच जास्त लागतं. प्लास्टिकचं भांडं उन्हात ठेवलं तर आतलं पाणी गरम होतं आणि कोंबडी ते पीत नाही. मातीची परळं घ्या, निम्मी ओल्या वाळूत पुरा, सावलीत. दिवसातून तीनदा बदला.

शेडचं: लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. तुमचं खुराडं आधीच बांधलेलं असेल तर दिशा बदलता येणार नाही. पत्र्यावर चुना मारा आणि वर उसाचं पाचट किंवा कडब्याचा जाड थर टाका, दुपारी त्यावर पाणी शिंपडा. बाजूला गोणपाट लोंबकळत ठेवून ओलं करा. पण वारा खेळता राहू द्या. चारही बाजूंनी ओलं गोणपाट लावून आत दमट हवा कोंडणारे मी बरेच पाहिले. दमट गरमीत कोंबडी कोरड्या गरमीपेक्षा लवकर मरते.

लसीकरणाचं कुणी विचारलं नाही, तरी पुढे लिहितोच.

---

बोरामणीची_सून

काका, पत्र्याची उंची पण सांगा. आमच्याकडे खुराड्यात माणूस वाकून जातो एवढीच उंची. सासऱ्यांनी सगळा पत्रा काढून नुसता कडब्याचा मांडव केला. उन्हाळ्यात मस्त. पण पावसाळ्यात कोंबड्या भिजून आजारी पडल्या आणि कडबा कुजला. आता मृगाच्या आधी परत पत्रा, मार्चला परत मांडव, असं करतो. कष्ट आहेत, पण अंडी सुरू राहतात.

आणि एक. उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा उचला. खुराड्यात पडून राहिलेली अंडी चाळीस अंशात अर्धवट उबतात, मग ना खायची राहतात ना उबवायची.

---

निवृत्त_पशुसेवक

बरोबर बोललीस पोरी. एकवीस अंशांच्या आसपास गेलं की फलित अंड्यात आतली वाढ हळूहळू सुरू होते, मग अधेमधे थांबून ते खराब होतं. म्हणून उन्हाळ्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवूच नये. रवण (कोंबडीखाली अंडी उबवायला) बसवायचं तर दसऱ्यापासून माघापर्यंत. आठवड्याच्या आतली अंडी, टोकाची बाजू खाली करून ठेवलेली. बसवल्यावर आठवड्यानं अंधारात बॅटरी लावून बघा. लाल रेषांचं जाळं दिसलं तर जिवंत, नितळ दिसलं तर काढून टाका. एकवीस दिवसांनी पिल्लू.

---

पुणेरी_पाहुणा

धागा वाचतोय. एक प्रश्न. आमच्या सोसायटीत एक माणूस सोलापूरहून गावरान अंडी आणतो, तपकिरी कवचाची, दर आठवड्याला ट्रेच्या ट्रे. भाव पांढऱ्याच्या दुप्पट. खरी की खोटी कशी ओळखायची?

---

माळावरची

गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, तीही तुकड्या-तुकड्यानं. अंडी घालते, मग खुडूक बसते, मग पिसं गाळते. माझ्या तीस कोंबड्यांतून आठवड्याला दोन ट्रे निघणं अवघड आहे, आणि उन्हाळ्यात तर विचारूच नका. तुमच्या माणसाकडे दर आठवड्याला ट्रेच्या ट्रे येत असतील तर एकतर तो शंभर घरं फिरून गोळा करत असेल, नाहीतर...

बाकीचं तुम्ही समजून घ्या.

---

निवृत्त_पशुसेवक

कवचाचा रंग जातीचा असतो. तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर जाती पिंजऱ्यातही असतात. उलट खऱ्या गावरान कोंबडीची अंडी फिकट बदामी, मळकट पांढरी, कशीही आणि लहान-मोठी. एका ट्रेत सगळी अंडी एकाच मापाची आणि एकाच रंगाची दिसली की शंका घ्या. बलकाचा केशरी रंग खाण्यावर आहे. हिरवा पाला किंवा झेंडूच्या पाकळ्या घातल्या की पिंजऱ्यातल्या कोंबडीचाही बलक गडद होतो. ताजेपणा मात्र घरी बघता येतो. अंडं पाण्यात टाका, आडवं तळाला बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेका.

---

पेठेतला

म्हणजे आम्ही पेठेत चहाच्या पाण्यात बुडवलेली अंडी गावरान म्हणून खाल्ली की काय काका? वर शेंगाचटणी लावून?

---

कडबाकुट्टी

@माळावरची, मुंगसाचं सांगतो. कोंबडीजाळी म्हणून जी षटकोनी जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. त्याचं तोंड आणि मुंडकं शिरलं की अंग शिरतं. लहान पिल्लांच्या भागाला अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. जाळी जमिनीत फूटभर पुरा आणि खाली दगड घाला, कारण ते उकरतं. कौलाच्या किंवा पत्र्याच्या कडेला बोटभर फट दिसली तरी बुजवा.

पण मुंगूस मारू नका बरं का. ज्या माळावर मुंगूस नाही तिथं घोणस आणि नाग वाढतात. आमच्या शेजाऱ्यानं मुंगूस पळवून लावलं, त्या पावसाळ्यात अंड्यांच्या टोपलीत नाग निघाला. पिल्लं महिनाभर बंदिस्त ठेवली आणि त्यांच्याबरोबर भांडखोर आई ठेवली की मुंगूस बरंचसं दुसरीकडे बघतं. घारीसाठी शेवग्याची आणि एरंडाची झाडं लावा. पिल्लांना लपायला जागा लागते, नुसतं मोकळं अंगण नको.

---

अक्कलकोटी

आमच्याकडं घारीसाठी जुन्या सीडी-तबकड्या दोरीला बांधतात. वारा आला की चमकतात. आठवडा-दोन आठवडे चालतं, मग घारीला कळतं. मग जागा बदलायची. आणि एक गिनी फाउल ठेवा, परका कोणी आला की गाव उठवतं. शेजारी मात्र बोलायचे बंद होतात.

---

नान्नजचा_शेजारी

इकडे उत्तर सोलापुरात माळढोक अभयारण्याच्या कडेला आमचा त्रास वेगळा आहे. आमच्याकडे लांडगा. दिवसा कळपात घुसतो, एक शेळी ओढून नेतो. माळढोक कित्येक वर्षांत डोळ्यांनी पाहिलेला नाही, लांडगा मात्र दर थंडीत दिसतो. सगळे म्हणतात विष घाला. घालू नका. लांडगा कायद्यानं कडक संरक्षित आहे, आणि विषानं आधी तुमचंच कुत्रं मरतं. शेळी मेली तर ती जागेवरून न हलवता वनखात्याला लगेच कळवायचं, पंचनामा झाला की भरपाईचा अर्ज करता येतो. मेलेली शेळी ओढून घरी आणली, की पंचनाम्यात दाखवायला काही राहत नाही.

चरायला जाताना धनगरी कुत्री घेऊन जा आणि लहान करडं घरीच ठेवा.

---

पुणेरी_पाहुणा

मी दोन वर्षांनी निवृत्त होतोय. मोहोळजवळ वडिलांची जमीन आहे. हा धागा वाचून विचार करतोय की शंभर कडकनाथ, दहा शेळ्या, दोन गीर गायी, एक शेततळं, असं सुरू करावं. एक गडी ठेवीन आणि शनिवार-रविवार येऊन बघीन. मासिक उत्पन्न किती धरावं?

---

सांगोल्याचा_धनगर

शून्य धरा. मग जे येईल ते वरचं.

---

बोरामणीची_सून

😀 दादा, थोडं प्रेमानं.

---

माळावरची

पाहुणे, मी जरा लांब लिहिते, राग मानू नका.

तुमच्या यादीत जातींची नावं आहेत, शेततळं आहे, उत्पन्न आहे. दिवेलागणीला तिथं कोण असणार ते मात्र नाही. या कामात बाकी सगळं भाड्यानं मिळतं, संध्याकाळ मिळत नाही. कोंबड्या अंधार पडला की खुराड्यात शिरतात, त्या वेळी दार लावायला माणूस हवा. एक रात्र दार उघडं राहिलं की सकाळी रानमांजरानं निम्मा कळप झोपवलेला असतो. खायला एक लागते, मारतं दहा. गडी चांगला असतो हो, पण त्याच्याही घरात लग्न असतं, जत्रा असते, गड्ड्याची यात्रा असते. तेव्हा संध्याकाळी कोण? आमच्याकडे सासूबाई आहेत. त्यांनी पंढरीची वारी या कोंबड्यांमुळे चुकवलेली आहे आणि त्याबद्दल त्या मला अधूनमधून ऐकवतात. नवऱ्याच्या मावसभावाच्या लग्नाला आम्ही दोघं एकत्र गेलो नाही. एक गेला, एक राहिला.

कडकनाथबद्दल एवढंच, तो मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. तिथल्या कडकनाथाच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी काटक आहे. पण विकत घेणारं गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर शंभर काळ्या कोंबड्या नुसत्या खात बसतात. साध्या गावरान कोंबड्याला आखाडात लोक दारात येतात, श्रावणात तेच लोक तोंड फिरवतात. त्या महिन्यात दाणा तेवढाच लागतो. म्हणून विकायचे कोंबडे आषाढाआधी तयार होतील अशा बेतानं पिल्लं काढायची, म्हणजे माघापर्यंत. हे सगळं घरात बसून कळत नाही, एक वर्ष दहा कोंबड्या पाळल्या की कळतं.

---

पुणेरी_पाहुणा

राग नाही. पण दर शनिवार-रविवार शेती करणारे माझे मित्र आहेत, त्यांचं छान चाललंय.

---

कडबाकुट्टी

त्यांनी आंबा-चिकू लावलेत का? झाड सोमवारी सोमवारसारखं राहतं. बकरीला सोमवारीच पोट फुगतं.

---

निवृत्त_पशुसेवक

पोटफुगीवरून आठवलं. ज्वारीच्या कापणीनंतर बुडख्याला पुन्हा फूट येते, त्या कोवळ्या हिरव्या फुटीत विष असतं, विशेषतः पावसाचा ताण पडला असेल तर. शेळी-गाय तिथं चरली की किरळ लागते, म्हणजे त्या फुटीची विषबाधा होते. धाप, लाळ, थरथर, आणि तासाभरात जनावर आडवं. गावठी इलाज करत बसू नका, डॉक्टर शिरेतून औषध देतो तेच चालतं. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येतं, हा नंबर गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहून ठेवा. त्याहून सोपं म्हणजे, फुटवा असलेल्या रानात जनावर सोडूच नका. कापून वाळवलेल्या कडब्याला हा धोका फारसा राहत नाही.

आणि शेंगदाणा पेंडीचं. आपल्याकडे ती सहज मिळते म्हणून लोक कोंबड्यांना भरपूर घालतात. ओलसर, बुरशी आलेली पेंड म्हणजे अफ्लाटॉक्सिन, बुरशीचं विष. यकृत खराब करतं. बदकांना तर फारच. वास आला की उकिरड्यावर टाका, जीव कासावीस झाला तरी टाका.

आता लस. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गावरान कळपाचा सगळ्यात मोठा शत्रू. मान वळते, हिरवट हगवण, दोन दिवसांत कळप साफ. औषध नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा ही लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांच्या झाल्या की आर-टू-बी ही लस टोचून. मधे गंबोरो रोगाची लस दुसऱ्या आठवड्यात, देवीची लस सहा-सात आठवड्यांची असताना. आजारी कोंबडीला लस द्यायची नाही.

अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा जास्त कोंबड्यांची येते. विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. तुमच्याकडे तीस कोंबड्या. म्हणून माणूस लस टाळतो आणि सगळा कळप जातो.

---

बोरामणीची_सून

काका, आम्ही पाच घरं मिळून घेतो. एकीकडे सगळ्यांनी डालग्यात कोंबड्या आणायच्या, एका दुपारी सगळं आटपतं.

---

निवृत्त_पशुसेवक

घरं मिळून घ्या, पण डालगी घेऊन एका जागी येऊ नका. एका कोंबडीला काही असेल तर पाच घरांत जाईल. लस फिरवा, कोंबड्या नको. थर्मासमध्ये बर्फ आणि कुपी, एक माणूस मोटरसायकलवर. संध्याकाळी कोंबड्या आत शिरल्यावर केलं तर पळापळ होत नाही.

2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला तेव्हा आमची झोप उडाली होती. 2021 च्या जानेवारीत परभणीला पुन्हा. तेव्हापासून मी सांगत असतो, बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. पाहुण्यांनी दिलेली असली तरी.

---

अक्कलकोटी

काका, आमच्या आजीचं एक आहे. रवण बसवताना टोपलीत लोखंडाचा खिळा आणि वाळलेली लाल मिरची ठेवायची. विजा कडाडल्या की अंडी बिघडतात म्हणे. विज्ञान काय म्हणतं?

---

निवृत्त_पशुसेवक

विज्ञान म्हणतं खिळ्यानं अंड्याला काही होत नाही, पण आजीशी भांडू नका. अंडी बिघडतात ती त्या दिवसांतल्या उकाड्यानं आणि कोंबडी घाबरून उठल्यानं. खिळ्यानं आजीच्या मनाला धीर येतो, मग ती टोपली पुन्हा पुन्हा उघडून बघत नाही. हा फायदा खरा आहे.

---

भीमाकाठ

खरूज, गोचीड यांवर काही? आमच्या खुराड्याच्या लाकडाच्या फटीत रात्री बारीक गोचिड्या निघतात. कोंबड्या फिकट पडल्यात.

---

कडबाकुट्टी

त्या दिवसा फटीत लपतात, रात्री रक्त पितात. कोंबडीवर औषध मारून काही होत नाही, घर साफ करायला लागतं. सगळं लाकूड बाहेर काढा, उकळतं पाणी ओता, फटी चुन्यानं बुजवा. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात चुलीची राख आणि कोरडी माती ठेवा, कोंबड्या स्वतःच लोळतात, पिसवा कमी होतात. कोंबड्यांना बसायला लाकडाऐवजी लोखंडी पाइपाची माच केली तर पुढच्या वर्षी अर्धं दुखणं कमी. पाइपाला गोणपाट गुंडाळू नका, तिथं परत बसतात.

---

माळावरची

सगळ्यांचे आभार. गाईचा विषय निम्मा मिटला. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, तो सांगोल्याच्या बाजाराला नुसतं बघायला जायचं म्हणतोय, पैसे मी ठेवून घेतेय. त्याऐवजी एक पाठ (तरणी शेळी) वाढवायची ठरलंय.

पत्र्यावर चुना आणि पाचट या आठवड्यात. पाचट मिळालं नाही तर कडब्यातल्या हलक्या पेंढ्या. लहान पिल्लांच्या कप्प्याला वेल्डमेश, बाकी जुनी जाळी राहील. चारही बाजू ओलं गोणपाट लावून बंद करायचा माझा विचार होता, तो काकांमुळे रद्द.

बोरामणीची_सून, तुमची लशीची पाच घरं कुठल्या बाजूला आहेत? आमच्याकडून फार लांब नसाल असं वाटतंय. पुढची कुपी आणताना आमच्या तीस धरता येतील का?

---

बोरामणीची_सून

अगं धरता येतील की. आम्ही पुढच्या आठवड्यात घेणार आहोत, तेव्हा पत्र्यावरचा चुना वाळलेला असू दे. दवाखान्यातून लस आणायचं काम यावेळी माझ्या जावेकडे आहे. मोटरसायकल आणि थर्मास तिच्याकडेच. बर्फ मात्र तुमच्या घराच्या वळणावर संपेल, फ्रीजमधले चार ट्रे तयार ठेवा. आणि कोंबड्या दिवेलागणीनंतर बाहेर ठेवू नका, अंधारात पकडण्यावरून तिच्याशी मला भांडायला लावू नका.

---

माळावरची

बर्फ ठेवते. सासूबाई म्हणतात, पकडायचं काम त्यांचं, दुसऱ्या कुणाला कोंबड्यांना हात लावू देणार नाहीत.